इमारतीखालचा मांडव

माझं माहेर मढ आणि सासर घोडेगावच्या वरच्या अंगाला. म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव, या दोन तालुक्यांत माझं सगळं जग बसत होतं, आणि त्यातही एसटी चुकली की निम्मं जग बंद. अशा बाईला नवऱ्याच्या कंपनीनं उचलून सिंगापूरला नेऊन ठेवलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. विमानातून उतरल्यावर जो तोंडाचा आ झाला, तो मिटायला मला बरेच महिने लागले.

धक्के बसायचे ते बारीकसारीक गोष्टींचे. उंच इमारती बघायची मनाची तयारी होती, पण आमचं घर अकराव्या मजल्यावर आणि लिफ्ट अकराव्यावर थांबतच नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. ती ठरावीक मजल्यांवरच थांबायची. आम्ही बाराव्यावर उतरून एक जिना खाली यायचो. कपडे वाळत घालायचे ते बांबूवर, आणि तो बांबू खिडकीबाहेर भोकात खोचायचा. ओल्या चादरींचा बांबू अकराव्या मजल्यावरून बाहेर ढकलताना पहिल्यांदा माझी पाचावर धारण बसली होती. घाटघरच्या कड्यावर मी लहानपणी पाय सोडून बसले आहे, पण तिथे हातात ओली चादर नव्हती.

सगळ्यात मोठा धक्का शेजाऱ्यांचा. मजल्यावर ओळीनं दारं, दारांपुढे ओळीनं चपला, आणि माणूस म्हणून दिसायचा नाही. मढला आमच्या आळीत कुणाकडे काय शिजतंय हे वासावरून कळायचं, आणि त्यातली वाटीभर आपल्याकडे येणार की नाही हेसुद्धा. इथे समोरच्या घरात कोण राहतं हे मला दिवाळीपर्यंत कळलं नव्हतं. कळलं तेही त्यांची चप्पल आमच्या लेकीनं घालून नेली म्हणून.

जुन्नरच्या कॉलेजात मी बी.कॉम. केलं होतं. लग्नानंतर ती डिग्री ट्रंकेत गेली आणि ट्रंक माळ्यावर. सिंगापुरात मात्र एका ऑफिसात मला हिशेबाची नोकरी मिळाली. जहाजानं माल पाठवणाऱ्यांचं ऑफिस होतं ते. माझं स्वतःचं टेबल, टेबलावर माझ्या नावाची पाटी. त्या पाटीवरची धूळ मी रोज रुमालानं पुसायची, धूळ नसली तरी. मला ती नोकरी फार प्यारी होती, हे सरळ सांगते. प्रश्न लेकीचा होता. ती चार वर्षांची, शाळेतून दुपारी घरी यायची. नवरा म्हणाला, "आईला आणू."

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांचं माहेर डिंभ्याच्या धरणाखाली गेलं. त्यामुळे गाव सोडायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. तरी त्या नातीसाठी आल्या. मामंजी शेती आणि गुरं सोडून यायला तयार नव्हते, ते धाकट्या दिरांकडे राहिले. आत्याबाई आल्या त्या नऊवारीत, डोक्यावरून पदर, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. सोबत एका पिशवीत ज्वारीचं पीठ आणि दुसरीत विळी. विमानतळावर ती विळी सामानातून कशी सुटली हे देवाला ठाऊक.

पहिल्या दिवशी त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं आणि विचारलं, "हितं माती कुटं हाय?"

मी कुंड्या दाखवल्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकी लावून घेतली. मग हळूहळू त्यांचं बोलणं आटत गेलं. गावाकडे ही बाई पाणवठ्यावर, बांधावर, एसटीत, तहसील कचेरीच्या रांगेत, जिथे उभी राहील तिथे गप्पा सुरू करणारी. इथे सकाळी आम्ही दोघं गेलो की लेक येईपर्यंत घरात कुणी नाही. टीव्हीवरचं हिंदी थोडंफार कळायचं, पण टीव्हीला उलट बोलता येत नाही. एक दिवस ऑफिसातून आले तर त्या दारात चपला घालून बसलेल्या.

"मला घोडेगावला न्हिऊन सोडा," त्या म्हणाल्या. "हितं माणसं लई हाईत, पर बोलाया माणूस न्हाई."

नवऱ्यानं समजूत घातली, थोडे दिवस थांब म्हणाला. त्या थांबल्या, पण हे वाक्य थांबलं नाही. सकाळी चहाबरोबर ते यायचं, संध्याकाळी भाकरीबरोबर यायचं. मी टेबलावर आकडे लिहिताना ते माझ्या कानात वाजायचं. आत्याबाई गेल्या की माझी नोकरी गेली, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं इतकंच.

आणि मग त्यांना मैत्रीण भेटली.

आमच्या इमारतीचा तळमजला नुसता खांबांवर उभा होता. भिंती नाहीत, सगळं मोकळं. खांबांच्या मध्ये दगडी टेबलं आणि बसायला गोल दगडी ठोकळे. तिथे एक चिनी म्हातारी रोज दुपारी मोडांचं पातेलं घेऊन बसायची. बारीक अंगाची, फुलाफुलांचा सदरा आणि तसलीच विजार, हातात हिरव्या दगडाची बांगडी. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहायची. ती त्या मोडांची शेपटी एकेक करून खुडायची आणि टाकून द्यायची. आत्याबाई नातीला आणायला खाली गेल्या, त्यांनी ते पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही.

"बाई, ही मोडं खुडून टाकती," त्या मला संध्याकाळी सांगत होत्या. "मी म्हनलं, अगं आपन मोड येन्यासाटी कापडात बांधतो, आन् तू त्येच मोडतीस व्हय? तर ती मला म्हनली, एवडुसं ठिवलं तर तोंडात गवात लागतं."

"हे ती कोणत्या भाषेत म्हणाली?" मी विचारलं.

"तिच्या," आत्याबाई म्हणाल्या. "तेवडं कळतंय की मला."

दुसऱ्या दिवशी आत्याबाई विळी घेऊन खाली गेल्या. म्हातारी मोड खुडायची, आत्याबाई भाजी चिरायच्या. नंतर कामाची अदलाबदल झाली. एक मराठी बोलायची, दुसरी तिची बोली, आणि दोघी योग्य जागी माना हलवायच्या. मी सुट्टीच्या दिवशी खाली जाऊन खांबाआडून बघितलं होतं. जिन्यात बसणाऱ्या दोन जावा कशा दिसाव्यात, तशा त्या दिसत होत्या. काय बोलतात, म्हणून मी विचारायची. मग मला म्हातारीच्या सुनेचा स्वभाव, नातवाचं जमलेलं लग्न, गुडघ्याचं दुखणं असं सगळं ऐकायला मिळायचं. नातवाचा आणि एका मुलीचा फोटो म्हातारीनं दाखवला होता आणि दोन्ही हातांची पहिली बोटं एकमेकांना चिकटवून दाखवली होती. बाकीचं किती खरं आणि किती आत्याबाईंच्या पदरचं, मी तपासायला गेले नाही. घोडेगावचं वाक्य बंद झालं होतं. मी ऑफिसात पहिल्यांदा शांतपणे डबा खाल्ला. मनातल्या मनात त्या म्हातारीला हात जोडायची आणि म्हणायची, बाई गं, तुझ्यामुळे ही इथे राहिली.

मग एकदा काही दिवस म्हातारी खाली आली नाही. आत्याबाई मोडांचं पातेलं दिसतंय का म्हणून जाऊन बघायच्या आणि परत यायच्या. "लगीनघाई असंल," त्या म्हणाल्या. "घरात लगीन म्हनल्यावर कुनाला सवड हाय?"

शनिवारी सकाळी आम्ही खिडकीतून पाहिलं तर खाली मांडव. मोठं कापड ताणलेलं, टेंपोतून गोल टेबलं उतरवत होते, लाल प्लास्टिकची स्टुलं, उंचच्या उंच पंखे. माणसाच्या उंचीची फुलांची चक्रं आणून उभी केली होती. झांजा वाजत होत्या. आधीच्या महिन्यात त्याच जागी एका मलाय मुलीचं लग्न लागलेलं मी पाहिलं होतं. तेव्हाही असाच मांडव, अशीच टेबलं. त्यामुळे मलाही शंका आली नाही.

आत्याबाईंनी हिरवं इरकल काढलं, लाल काठाचं. मला म्हणाल्या, "तू बी जरा बरं नेस." नवरा क्रिकेट बघत होता. तो म्हणाला, "आई, इथं बोलावल्याशिवाय जात नाहीत."

"जेवनाला आवतन लागतं," आत्याबाई म्हणाल्या. "कामाला लागत न्हाई. शेजारनीच्या दारात मांडव आन् मी काय अकराव्या मजल्यावनं बगत बसू?"

आमच्याकडे मांडव पडला की आळीतल्या बाया आपापली विळी घेऊन जातात, हे मलाही ठाऊक होतं. मी गडद लाल साडी नेसले. लेकीला लाल झगा घातला, तिच्या केसांत फुलं माळली. आत्याबाईंच्या एका हातात विळी, दुसऱ्या हातात नारळ, खण आणि कुंकवाचा करंडा असलेलं ताट. आम्ही लिफ्टनं खाली उतरलो. वाटेत चढलेला एक माणूस आमच्याकडे बघून भिंतीला चिकटला. मला वाटलं, विळीला घाबरला.

खाली गर्दी होती. काही टेबलांवर लोक शेंगदाणे फोडत होते, एका टेबलावर पत्त्यांचा डाव पडला होता. काही मुलं सारखेच पांढरे सदरे घालून इकडून तिकडे जात होती. "बँडवाले दिसत्यात," आत्याबाई म्हणाल्या. एका टेबलाभोवती चार-पाच बायका सोनेरी कागदांना घड्या घालून होड्यांसारखं काहीतरी करत होत्या. बाजूला त्या होड्यांचा ढीग. आत्याबाईंना काम दिसलं. त्यांनी ताट आणि विळी टेबलावर ठेवली, स्टूल ओढलं आणि शेजारच्या बाईचे हात बघून कागद दुमडायला घेतला. त्या बायकांनी त्यांच्या हिरव्या साडीकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि सरकून जागा दिली.

"रुखवताचं असंल," आत्याबाई मला म्हणाल्या. दुसरी घडी त्यांची पहिलीपेक्षा नीट आली.

मला तेव्हा काहीतरी खटकायला लागलं. लग्नघरात एवढं हळू कुणी बोलत नाही. मी म्हातारीला शोधत होते, ती कुठे दिसेना. तेवढ्यात एक मध्यम वयाची बाई आमच्याकडे आली. पांढरा सदरा, सुजलेले डोळे. आत्याबाईंनी तिला बरोबर ओळखलं. मैत्रिणीची सून. त्या उठल्या, करंडा उघडला आणि तिच्या कपाळावर कुंकू टेकवलं. ती बाई जागच्या जागी उभी राहिली. टेबलावरच्या बायकांचे हात थांबले. मग त्या सुनेनं आत्याबाईंचा हात धरला आणि ती त्यांना आतल्या बाजूला, एका पडद्याकडे न्यायला लागली.

आत्याबाई वळून मला हसून म्हणाल्या, "नवरी दावाया नेती."

त्या पडद्यापुढे एक टेबल होतं. टेबलावर संत्री, उदबत्त्या खोचलेला वाडगा, आणि मध्ये फुलांत ठेवलेला मोठा फोटो. फोटोत म्हातारी होती.

मला ओरडायचं होतं. आत्याबाई थांबा, एवढंच. लेक माझ्या हाताला झोके घेत होती आणि मी बघत राहिले. आत्याबाई मान किंचित खाली घालून, नवरी बघायला जाताना बायका जातात तशा, कौतुकाचा चेहरा करून पडद्याआड गेल्या.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग हंबरडा ऐकू आला.

"अगं माज्या बाई, मला न सांगता कुटं गेलीस गं," असा तो आवाज होता. घोडेगावच्या मयताला उठतो तसाच, तेवढाच मोठा. झांजा थांबल्या. पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते पालथे टाकले. मी धावत आत गेले. शवपेटीच्या काचेखाली म्हातारीचा चेहरा, ओठांना रंग लावलेला, आणि आत्याबाई त्या काचेवर दोन्ही हात टेकून रडत होत्या. आमच्याकडे मयताच्या घरी बाई आली की ती घरच्या बाईच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडते. ती रडली की मग घरच्यांचा बांध फुटतो. तिथे कुणी कुणाच्या गळ्यात पडत नव्हतं. आत्याबाई वळल्या आणि त्या सुनेच्या गळ्यात पडल्या. ती क्षणभर ताठ राहिली, आणि मग तीही रडायला लागली, अगदी लहान मुलीसारखी, नाक न पुसता.

थोड्या वेळानं आत्याबाईंचं लक्ष तिच्या कपाळाकडे गेलं. त्यांनी इरकलाच्या पदरानं ते कुंकू पुसलं. "चुकलं माजं, पोरी," त्या म्हणाल्या. पुसल्यावरही तिथे थोडा तांबूस डाग राहिला.

मी शरमेनं मेले होते. लाल साडी, लाल झगा, केसांत फुलं. सापडेल त्या इंग्रजीत मी म्हातारीच्या मुलाची माफी मागायला लागले. पन्नाशीचा माणूस होता. त्यानं हातानंच मला थांबवलं आणि बसायला स्टूल दिलं. मग तो सावकाश बोलायला लागला. त्याची आई इथली नव्हती. मलेशियातल्या डोंगराकडच्या एका गावात तिचं आयुष्य गेलेलं. तो आणि त्याची बायको दोघं नोकरीला, धाकटी मुलं शाळेत, म्हणून काही वर्षांपूर्वी त्यांनी तिला आणलं. या इमारतीत तिची बोली बोलणारं कुणी नव्हतं. रोज म्हणायची, मला गावाला नेऊन सोड. मागच्या वर्षी तर ती बोचकं बांधूनच बसली होती. त्यानं तिला नेऊन सोडायचं कबूलही केलं होतं.

"मग तुमच्या सासूबाई भेटल्या," तो म्हणाला. "तेव्हापासून तिनं गावाचं नावसुद्धा काढलं नाही. तुमचे फार उपकार आहेत." आणि तो माझ्यापुढे कमरेत वाकला.

हे माझंच वाक्य होतं. गेले कित्येक महिने मी ऑफिसात डबा खाताना मनात जे म्हणत होते, तेच हा माणूस शब्दाशब्दानं मला ऐकवत होता, आणि वर माझे आभार मानत होता.

"काय म्हनतो त्यो?" आत्याबाईंनी विचारलं.

मला सांगायचं नव्हतं. दोन गोड शब्द बोलून वेळ मारून नेता आली असती, त्यांना काय कळणार होतं? पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्या बाईला भाषेवाचून सगळं कळत होतं, हे मी इतके दिवस पाहत आले होते. मी सांगितलं. डोंगराकडचं गाव, बोचकं, सगळं. शेवटचं वाक्यही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. परत त्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि सोनेरी कागद संपेपर्यंत घड्या घालत राहिल्या. ते कागद म्हातारीबरोबर जाळायचे असतात, हे मला शेजारच्या बाईनं सांगितलं. मी ते आत्याबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मंग नीट करू दे."

संध्याकाळी वर आल्यावर त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारच्यांनी पिठलं-भाकरी पोचवायची असते. तिथे शंभर माणसांचं जेवण विकत आणलं होतं, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. गावाहून मागवलेलं पीठ परातीत घेतलं आणि त्या भाकरी थापायला लागल्या. नवरा दारात येऊन उभा राहिला. त्याला काय बोलावं कळत नव्हतं, म्हणून तो म्हणाला, "आई, तुझ्यामुळं तिचे शेवटचे दिवस तरी बरे गेले."

आत्याबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. मग आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "बाजारातनं नवी गाय आनली का ती हंबरती. दाव्याला हिसकं देती. मंग तिच्या शेजारी दुसरी गाय बांदत्यात. ती गप ऱ्हाती. तिला वाटतं, आपलं कुनी आलं." त्यांनी भाकरी उलटली. "त्येंनी मला तिच्या शेजारी बांदली आन् तुमी तिला माज्या. दोगी बी गप ऱ्हायलो. ती गप ऱ्हाऊन मेली."

आत्याबाई, कुणी मुद्दाम बांधलं नाही, असं मला म्हणायचं होतं. ते खरंही होतं. पण मी परातीबाहेर सांडलेलं पीठ गोळा करत राहिले. नवरा भिंतीला टेकून उभा होता.

"माजं तिकीट काडा," त्या म्हणाल्या.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती की आता तूच काहीतरी बोल, तुझं टेबल आहे, तुझी नोकरी आहे. मी म्हटलं, "काढतो, आत्याबाई." आणि मला रडू फुटलं. ते त्या म्हातारीसाठी होतं, आत्याबाईंसाठी होतं की माझ्या नोकरीसाठी, हे मला आजही सांगता यायचं नाही. आत्याबाईंनी पिठाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला, एवढंच. मग पिठल्यावर झाकण ठेवलं, भाकरी फडक्यात बांधल्या आणि ते सगळं माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "जा, गरम हाय तवर दिऊन ये. आन् ती साडी बदलून जा."